वेळूच्या नळीतली पत्रं

शाबान महिना, सातवा दिवस

मैमूना,

ही वेळूची नळी रंगारी गल्लीच्या हौदातल्या जाळीत अडकली असेल आणि ती काढणारा हात तुझा असेल, तर मी यिद्दर. तुझा दूधभाऊ. आपण एकाच आईच्या दुधावर वाढलो आणि जास्त तूच प्यायलीस, हे मी अजून विसरलेलो नाही.

हात दुसऱ्या कुणाचा असेल, तर बाबा रे, याह्या रंगाऱ्याच्या बायकोला हे नेऊन दे. ती नसेल तर वाच आणि जाळून टाक.

आठ वर्षं झाली तिलिमसानच्या वेशी बंद होऊन. आई तुझ्या बाळंतपणाला पंधरा दिवस म्हणून आत आली आणि सोळाव्या दिवशी सुलतानाच्या फौजेने शहराला वेढा घातला. मुलगा झाला की मुलगी, तेही मला माहीत नाही. आई आहे का? एवढंच सांग. बाकी काही नाही सांगितलंस तरी चालेल.

मी इकडे वर डोंगरात बकऱ्या राखतो. बरं चाललंय. शहराला पाणी नेणाऱ्या जमिनीखालच्या पाटाचं, बाबांनी दाखवलेलं हवेचं भोक शोधून काढलं. दगडाखाली तसंच आहे, खाली पाण्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकून मी तिथेच बसलो बराच वेळ. पाणी आत जातंय म्हणजे तुम्ही पीत असाल, असं वाटलं.

उत्तर पाठवायचं तर चामडेवाल्यांच्या नाल्यात सोड. तो तटाखालून बाहेर येतो, तिथे कण्हेरीची झुडपं आहेत. मी तिथेच शोधीन.

यिद्दर


शाबान, नववा दिवस

यिद्दऱ्या,

आई आहे. तोंडात दोनच दात उरलेत, पण जीभ शाबूत आहे. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "आठ वर्षांनी आठवण झाली होय मेल्याला!" मग पत्र मागून घेतलं आणि कमरेला खोचलं. वाचता येत नाही तरी.

मुलगी झाली. तूदा नाव. आठ वर्षांची आहे आणि तटाच्या बाहेरचं काहीही पाहिलेलं नाही. रंगाऱ्याची पोर, पण मेंढी कशी असते माहीत नाही. परवा विचारत होती, लोकर झाडाला येते का? याह्या तिसऱ्या वर्षी तटावर गेला. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

खायला काय, ते विचारू नकोस. मांजरं संपली. पाणी मात्र आहे, देवाची कृपा आणि तुझ्या बाबांची. पाणी आहे म्हणून शहर आहे. ज्या दिवशी हौद कोरडा पडेल त्या दिवशी वेशी आतून उघडतील, हे लहान पोरालाही कळतं.

आता एक गोष्ट सांग. बकऱ्या राखतोस ना? मग हा कागद कुठला? गुळगुळीत, पांढराशुभ्र, सुलतानाच्या फेस शहरातला. तुझ्या बकऱ्या कागद घालतात का?

खोटं बोलताना तू लहानपणी कान खाजवायचास. कान खाजवून झाला असेल तर खरं लिही.

मैमूना

(नळीवर कातड्याचे केस चिकटवलेत. घाण वाटली पाहिजे, म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही. वास आला तर नाक धर.)


शाबान, बारावा दिवस

मैमूना,

नाक धरलं. तरी तीनदा वाचलं.

खरं सांगतो. आईला वाचून दाखवू नकोस.

मी मन्सूरात राहतो. तुम्हाला तटावरून दिसत असेल ते, वेढा घालणाऱ्यांनी तुमच्यासमोर बांधलेलं दुसरं शहर. आता इथे हमाम आहेत, बाजार आहे, मशिदीचा मनोरा वर चढतोय. आमचं गाव पहिल्याच वर्षी त्यांनी घेतलं. विहीर खणणारे वेगळे काढले. मी हात वर केला. नसता केला तर आज हे लिहायला नसतो. आठ वर्षं त्यांच्या विहिरी खणतोय, त्यांची भाकरी खातोय. आमच्या घराण्यानेच तिलिमसानचं पाणी आणलं, हे इथे कुणालाही माहीत नाही. म्हणूनच जिवंत आहे.

आता नवा मुकादम आलाय. फर्हून नाव. बाकीचे मूर्ख होते, त्यांना वाटायचं तुम्ही विहिरींवर जगता. हा हुशार आहे. म्हणाला, डोंगरात सात झरे आहेत. एकेका झऱ्यात मंजिष्ठेचा लाल रंग ओततो आणि खाली चामडेवाल्यांच्या नाल्यापाशी बसतो. ज्या झऱ्याच्या दिवशी नाला लाल येईल तो झरा शहराला पाणी देतो. मग तिथे खणायचं आणि पोटातलं तोंड बुजवायचं.

तुला माहीतच आहे, तो पाचवा झरा. अर्धं पाणी उघड्यावर वाहतं, अर्धं पोटातून तुमच्याकडे येतं.

रंग ओतणारा मी आहे. नाल्यापाशी तो स्वतः बसणार, दुसऱ्यावर विश्वास नाही त्याचा. चार दिवसांनी सुरुवात.

काय करायचं मला सुचत नाही. आधी माहीत असतं तर कुणीतरी नाला बुजवला असता. पण नेमका त्याच दिवशी बुजला तर तो समजेल.

यिद्दर


शाबान, तेरावा दिवस

आईला वाचून दाखवलं. ती काहीच बोलली नाही. तिच्याकडून हे पहिल्यांदाच.

मी बोलते. तू त्यांच्या विहिरी खणल्यास. त्या विहिरींचं पाणी पिऊन त्यांनी याह्याला मारलं. हे मी एकदाच लिहिणार, परत नाही. पण एकदा लिहिणारच.

झालं. आता काम.

तुझा मुकादम फेसचा आहे ना? तरीच. रंगाऱ्यांच्या शहरात रंग शोधायला निघालाय. अरे, सात वर्षं आमच्याकडे लोकर नाही, पण रंग पडून आहे. सगळं खाऊन झालं, चामड्याचे पट्टेसुद्धा उकळून झाले. मंजिष्ठा मात्र कुणी खात नाही. गल्लीत अकरा घरं आहेत, प्रत्येकाच्या कोठीत पोती आहेत.

उद्यापासून नाला लाल येईल. रोज. तुझा पहिला झरा सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून. सकाळी लाल, दुपारी लाल. बसू दे त्याला.

गल्लीतल्या बायकांना मी फक्त एवढंच सांगितलं की पाण्यावर संकट आहे आणि भट्ट्या पेटवायच्यात. जळण कुठून आणायचं, यावर भांडण झालं. शेवटी माझ्या सासूबाईंचा झोपाळा फोडला.

मैमूना


शाबान, सव्विसावा दिवस

मैमूना!

काय सांगू. मुकादम बारा दिवस कण्हेरीखाली सतरंजी टाकून बसला. पहिल्या दिवशी नाला लाल आला तसा ओरडला, "सापडला!" मी शेजारीच उभा. म्हटलं, "मालक, मी अजून ओतलंच नाही!" त्याचा चेहरा बघायला हवा होतास.

सातही झरे झाले. इथे गुलाबी, तिथे किरमिजी, त्याला काहीच कळेना.

आणि मन्सूरात काय उठलंय माहितीये? सैनिक म्हणतात, आत लोकर रंगवतायत. म्हणजे मेंढ्या आहेत. म्हणजे आत जायला चोरवाट आहे. एक म्हातारा तिरंदाज म्हणाला, "आठ वर्षं आम्ही कांदे मोजून खातोय आणि हे लग्नाची घोंगडी रंगवतायत!" त्या आठवड्यात चाळीस जण पळून गावी गेले.

आई काही बोलली का?

यिद्दर


रमजान, पाचवा दिवस

पाचव्या झऱ्याच्या दिवशी हौदातलंच पाणी गुलाबी आलं. तेच प्यायलो. आईचे दोन्ही दात लाल झाले. तूदाने हसून हसून पोट धरलं. किती दिवसांनी हसली ती.

आई बोलली. म्हणाली, "त्याला विचार, जेवतो का नीट." बस्स.

मंजिष्ठा संपत आलीय. डाळिंबाच्या साली काढल्यात, पिवळ्यावर येऊ. एक मूठ मंजिष्ठा मी बाजूला ठेवलीय. कशासाठी ते सांगणार नाही.

रोजे चालू आहेत. तूदा म्हणते, यात वेगळं काय?

मैमूना


रमजान, दहावा दिवस

जेवतो. आईला सांग, भाकरी त्यांची आहे पण जेवतो.

नीट वाच. मुकादमाने रंग सोडला. आता भुसा ओतणार आहे. रंग रंगात लपतो, भुसा कशात लपणार, असं म्हणाला. बारीक चिरलेला, एकेका झऱ्यात वीस पोती. एक काडी जरी नाल्यातून बाहेर आली तरी संपलं.

पाचव्या झऱ्यावर रमजानच्या चौदाव्या दिवशी ओतायचंय. पहाटे सुरू, दुपारपर्यंत चालेल. जाळीशी सगळ्यांना उभं कर. जुनी फडकी, पदर, काय असेल ते बांध. एकही काडी पुढे जाता कामा नये.

पोती भरायचं काम माझ्याकडे आहे. खळ्यावरून आणायची. पोत्यात काय आहे हे वरून कुणी बघत नाही. वर भुसा दिसला की झालं.

यिद्दर


रमजान, पंधरावा दिवस

यिद्दर, माझ्या भावा,

पहाटे आम्ही सोळा बायका हौदात उतरलो. कमरेइतकं पाणी, डोंगरावरच्या बर्फाचं. जाळीला तीन पदरी फडकं, त्यामागे चाळण्या, त्यामागे आम्ही. रंगाचं पाणी गाळायची सवय आहे आमच्या हातांना. काडी सुटणार नाही हे मला माहीत होतं.

भुसा आला. मग जड काहीतरी यायला लागलं. फडकं खाली ओढलं जाऊ लागलं. शेजारच्या कुल्सूमने मूठभर उचलून डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाली, "बायांनो, जव!"

जव, यिद्दर. फुगलेले, थंडगार, मोत्यांसारखे. वीस पोत्यांत एकोणीस पोती जव. बायका रडत होत्या आणि गाळत होत्या. कुणी तोंडात टाकला नाही, रोजा होता. संध्याकाळी बांगेनंतर अकरा घरांत चुली पेटल्या. तूदाला वाटी दिली तर विचारते, "हे चावायचं की गिळायचं?"

आईने पेज प्यायली. मग म्हणाली, "त्याच्या मुकादमाला सांगा, पुढच्या वेळी थोडं मीठ टाका."

तटावरच्या पोरांना दोन पोती दिली. कुठून आले विचारत होते. डोंगराने दिले, म्हटलं.

मी शाबानच्या तेराव्या दिवशी जे लिहिलं होतं ते तुझ्याकडे असेल तर फाडून टाक.

मैमूना


रमजान, सतरावा दिवस

मैमूना,

आपण चुकलो. तू नाही, आपण.

मुकादम नाल्यापाशी बसला होता. एक काडी आली नाही. पण दुसरंही काही आलं नाही. चामडेवाल्यांच्या नाल्यात रोज केस येतात, कातड्याचे तुकडे येतात, पानं येतात. चौदाव्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत काच गाळल्यासारखं पाणी आलं. बाकी सहा दिवस घाण, पाचव्या झऱ्याच्या दिवशी स्वच्छ. तो उठला, नाल्यात हात बुडवला, हाताचा वास घेतला आणि हसला. "कोणीतरी आत फार नीट काम करतंय," म्हणाला.

तुम्ही रंगारी. गाळायचं म्हटलं की केससुद्धा सोडणार नाही. आणि मी, विहीर खणणारा, मला हे आधीच सुचायला हवं होतं की थोडी घाण सोडा म्हणून सांगावं.

उद्यापासून पाचव्या झऱ्यावर छावणी. दोनशे माणसं, कुदळी. तोंड शोधायला मला पुढे घातलंय. हवेच्या भोकाजवळच तंबू पडणार. ही शेवटची नळी. यापुढे टाकता येणार नाही.

हौद भरून ठेवा. रांजण, हंडे, भट्ट्या, सगळं.

आणि आईला विचार, बाबांची चूक आठवते का. ती समजेल.

यिद्दर


रमजान, अठरावा दिवस

विचारलं. आई म्हणाली, "कुठली? त्यांनी माझ्याशी लग्न केलं ती?" मग एकदम उठून बसली.

आंधळा बोगदा ना? पाट साफ करताना तुझ्या बाबांनी वर झऱ्याजवळच्या कण्हेरीच्या मुळांचा माग काढत डावीकडे चाळीस हात खणला आणि शेवटी खडक लागला, तो? खडकातून पाण्याचा आवाज यायचा म्हणून महिनाभर फोडत बसले, आणि पाणी भलत्याच बाजूला होतं? गावातली पोरं त्यावर गाणं म्हणायची, तो?

आई म्हणते, ते गाणं ऐकून तुझे बाबा दोन वर्षं गावात जेवायला गेले नाहीत. आणि आता हसतेय. एकटीच.

हे तुला मिळेल की नाही माहीत नाही. तरी सोडते.

मैमूना


रमजान, सत्ताविसावा दिवस

पाणी येतंय, पण गढूळ. ठोके ऐकू येतात. कान हौदाच्या कडेला लावला की धप, धप. तू आहेस का तो?

शव्वाल, पहिला दिवस

ईद. जव संपले. पाणी येतंय.

शव्वाल, नववा दिवस

ठोके. आज तूदा म्हणाली, मामा दार वाजवतोय.

शव्वाल, वीस

नाल्यात पिवळा रंग सोडला. बघितलास का? आम्ही आहोत एवढंच त्याचा अर्थ. आई अंथरुणावर आहे.

जिल्काद, दुसरा दिवस

पाणी येतंय.


जिल्काद, अकरावा दिवस

मैमूना,

आता सगळं तुला माहीत असेल. सुलतान त्याच्याच महालात मारला गेला, सातव्या दिवशी. आठव्या दिवशी मन्सूरात जो तो तंबू गुंडाळत होता. नवव्या दिवशी वेशी उघडल्या. मी वरून बघत होतो. माणसं बाहेर आली आणि गवतावर नुसती बसली. काही जण गवत खात होते. पण बसली होती, उन्हात.

माझ्याबद्दल एवढंच. मुकादमाला मी पहिल्याच दिवशी आंधळ्या बोगद्याशी नेलं. "मालक, सापडलं." त्याने खडकाला कान लावला. आत पाणी गर्जत होतं. त्याने मला मिठी मारली. बाबा म्हणायचे, खडक आवाज दूरवरून उचलून आणतो, त्याच्यावर विश्वास ठेवला की गेलास. ते स्वतः गेले होते, म्हणून त्यांना माहीत. सात आठवडे दोनशे माणसं खडक फोडत होती. जाळ लावायची, तापला खडक तडकावा म्हणून आंबट सिरका ओतायची, कुदळ मारायची. जितकं आत जाऊ तितका आवाज वाढायचा आणि पाणी तितकंच लांब. कधी कधी मीच म्हणायचो, "मालक, अजून दोन हात." बाबांचीच चूक मी परत केली, या वेळी मुद्दाम.

पिवळा रंग बघितला. माती टाकायला नाल्यापर्यंत आलो होतो. पाण्यात हात धुतले. पिवळे झाले. कुणाला दाखवले नाहीत.

तुझ्या सगळ्या नळ्या काल कण्हेरीत सापडल्या. सहा होत्या. ओल्या, पण वाचता आल्या.

मी आत येत नाही. आठ वर्षं त्यांची भाकरी खाल्ली. रस्त्यात कुणी विचारलं, तू कुठे होतास, तर काय सांगू? आईसमोर काय तोंड घेऊन उभा राहू? आईला सांग, मी ठीक आहे. दक्षिणेकडे वाळवंटात विहिरींचं काम असतं म्हणे. जायच्या आधी ही नळी टाकतोय, सवयीने. वेस उघडी आहे तरी.

यिद्दर


जिल्काद, बारावा दिवस

अरे वेड्या,

वेस उघडून तीन दिवस झाले आणि तू अजून जमिनीखालून पत्र पाठवतोस!

बाहेरून मेंढ्या आल्या. मन्सूराचे व्यापारीच हाकत घेऊन आले, कालपर्यंत शत्रू होते आणि आज "ताई, चांगला भाव देतो." तूदाने मेंढी पाहिली. माझ्या मागे लपली, मग पुढे आली, मग हात लावला. म्हणाली, "आई, लोकर चालत आली." पुढचे दोन तास ती मेंढीला सोडतच नव्हती.

आई उठून बसतेय. काल चेरी मिळाल्या, वरच्या बागेतल्या, दोन मुठी. तिने सहा खाल्ल्या आणि बाकीच्या बाजूला ठेवल्या. कुणासाठी, विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय?" आज त्या सुकायला लागल्यात. ती कुणाला हात लावू देत नाही.

रस्त्यात कुणी विचारलं तर सांग, एकोणीस पोती जव मी टाकले. गल्लीतल्या अकरा घरांना आधीच माहीत आहे. मीच सांगितलं. कुल्सूम तर तुझं लग्न ठरवतेय.

ती मूठभर मंजिष्ठा आठवते? ती तुझ्यासाठी होती. याह्या पांघरायचा तसली घोंगडी करायचीय, लाल. लोकर आलीय, भट्टी उद्या पेटवणार आहे. सकाळी लवकर. काठीने ढवळायला ताकदीचा माणूस लागतो, आणि माझ्या हातात आता ताकद नाही.

हे पत्र चेरीवाल्याच्या हाती देतेय, तो वर जातोच आहे. नाल्यात सोडलं नाही, कारण एक सांगायचं राहिलं. आज दुपारी मी हौदातली जाळी काढून टाकली. यापुढे नळी टाकलीस तर ती थांबणार नाही. सरळ चामडेवाल्यांच्या नाल्यातून बाहेर जाईल आणि कुणी वाचणार नाही.

बोलायचं असेल तर वेशीतून ये. डावीकडून तिसरी गल्ली. दारात तूदा मेंढी धरून उभी असेल, तिला ओळखशील.

मैमूना